टेपचं दुसरं टोक

भाऊच्या खोलीत एवढी शांतता होती, की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी शेजारचे विचारायला यायचे, "पाहुणे आलेत का हो?" आता, खरंच यायचे का? छे! कुणी म्हणजे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून तर पालीचं एवढं कौतुक.

दिवसभर भाऊ ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करायचा. "कागद अडकलाय" याच्यापलीकडे वर्षभरात कुणी त्याच्याशी काही बोललं असेल तर शपथ. संध्याकाळी घरी यायचा तो शर्टाला शाई लावून. चहात दूध नसायचं. टेबलावर लॅपटॉप असायचा, आणि त्या लॅपटॉपमध्ये त्याची सख्खी बहीण राहायची.

ती कशी, ते ऐका. ताईनं विणकामाचं एक ॲप लिहिलं होतं. पडद्यावर चौकटी रंगवायच्या, की कुठला टाका कुठं घालायचा ते ॲप सांगणार. फुकट, आणि आतला कोड सगळ्या जगाला उघडा. ताई लिहायची आणि भाऊ ते बांधून सामायिक स्टोअरवर चढवायचा. तिथून कुणीही एक बटण दाबून आपल्या कॉम्प्युटरवर घ्यावं. शिजवणारी ती, वाढणारा हा.

मग आई गेली आणि दोघांचं बिनसलं. घरावरून नाही, दागिन्यांवरून नाही, स्वेटरवरून! आई भाऊसाठी विणत होती, आणि दोन्ही बाह्या राहून गेल्या. ताई म्हणाली, "मी पुरा करते." भाऊ म्हणाला, "आईच्या टाक्यांना तुझे टाके नकोत." झालं! ताईनं स्वेटर पिशवीत कोंबला आणि निघून गेली दुसऱ्या शहरात. फोन बंद, येणंजाणं बंद. ॲप मात्र चालू. ते बंद पडलं असतं तर जगभरच्या विणणाऱ्या बायका, आणि बुवासुद्धा, सुया परजत दारात उभे राहिले असते.

तर बोलणं असं चालायचं. नवी आवृत्ती काढली की ताई काय बदललं त्याची टीप लिहायची. "अक्षरं मोठी केली. काही लोकांना चष्मा लावायचा कमीपणा वाटतो." ती आवृत्ती स्टोअरवर चढवताना भाऊ खाली आपली ओळ जोडायचा. "चढवली. अक्षरं आता म्हशीएवढी." पुढच्या खेपेला ताई: "आपोआप गोठायची खोड काढली. ॲपची." भाऊ: "चढवली. लिहिणारीची खोड जायला अजून वेळ आहे." बघणाऱ्यांना वाटायचं, काय मजेशीर जोडी आहे! या दोघांनी एकमेकांचा आवाज कधीचा ऐकला नव्हता, हे त्यांना काय ठाऊक?

आणि एक दिवस टिपा आटल्या. "लहानसहान दुरुस्त्या." पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. भाऊनं त्या दोन शब्दांना सगळीकडून चाचपलं, अस्तरात काही शिवलंय का म्हणून. काही नाही.

स्टोअरवर इतरांची कामं तपासणाऱ्या एक बाई होत्या. भाऊनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "भाऊ, अहो एवढ्याशा ॲपला हातानं काय चढवत बसता? बॉटवर सोडा, तो आपोआप चालणारा प्रोग्रॅम आहे. नवी आवृत्ती आली की तो आणेल, बांधेल, चढवेल."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही जा की फिरायला!"

कुणाबरोबर, ते भाऊनं विचारलं नाही. तिला एक ओळ लिहायला जड जातंय ना, मग मलाही वेळ नाही, असं म्हणून त्यानं सगळं बॉटच्या हवाली केलं.

बॉट भारी इमानी. भाऊ संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा, तर काम कधीच झालेलं. मग तो खिडकीत उभा राहून समोरच्या लाँड्रीतले लोकांचे कपडे गोल गोल फिरताना बघायचा. एकदा तर त्यानं घरच्या प्रिंटरमध्ये मुद्दाम कागद अडकवला, आणि मग तो काढत बसला.

रविवारी दुपारी तक्रार आली. "नवी आवृत्ती घेतली, तर माझा एकही नमुना उघडत नाही. चढवणाऱ्याचे डोळे फुटले, की बॉटच्या जिवावर लोळतोय?"

नाव वाचायची गरजच नव्हती. असं बोलणं त्यांच्या एकाच घरात मिळायचं.

भाऊनं धावत ताईची टीप उघडली. आता, या स्टोअरवरचं प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं. बाहेरच्या फोल्डरमधलं काही हवं असेल, तर चढवणाऱ्यानं तशी परवानगी हातानं लिहून द्यावी लागते. ताईनं नमुन्यांचा फोल्डर बदलला होता, आणि टिपेत स्वच्छ लिहिलं होतं, "भाऊ, दार उघड."

ती ओळ होती माणसासाठी. बॉटनं आवृत्तीचा आकडा बघितला आणि चढवून मोकळा झाला.

भाऊनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. आणि मग त्याच्या डोक्यात आलं, अरे, लिहिणारीच ती! तिला घरच्या घरी कोड चालवता आला असता. तरी ती स्टोअरवरचंच घेत होती, म्हणजे त्याच्याच हातचं!

त्यानं आधी बॉट बंद केला. परवानगी जोडली. मग लिहिलं, "दुरुस्त करतोय. तपासायला एक नमुना पाठवा."

लगेच उत्तर. "पाठवा? 'पाठवा' कुणाला म्हणतोस रे गाढवा?" आणि सोबत फाइल.

नमुना उघडला. ती एक बाही होती, आईच्या लोकरीच्या राखी रंगाची. खांद्यापाशी जाड रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, "इथपर्यंत आई. एकही टाका उसवलेला नाही." तिथून बाही खाली उतरत गेली होती आणि कोपराच्या पुढं थांबली होती. तिथं एकच शब्द होता. "लांबी?"

भाऊनं अवजारांच्या पेटीतून टेप काढला. हनुवटीखाली एक टोक दाबलं, तर ते निसटलं. दातात धरलं, तर मान वाकडी आणि हात माकडाएवढा. कपाटाच्या दारात अडकवलं, तर हात तान्ह्या बाळाएवढा. पाल वरून बघत होती, पण तिचा काय उपयोग?

शेवटी तो येऊन टेबलाशी बसला.

"परवानगी जोडली. नमुना उघडतो," त्यानं लिहिलं. "लांबी मोजता येत नाही, ताई. दुसरं टोक धरायला कुणी नाही."

ओळ पाठवली. शेजारीच तक्रार बंद करायचं बटण होतं. काम तर झालं होतं.

पण तक्रार त्यानं उघडीच ठेवली.