कोच टिबेट्स कुठेही जात नाहीत

आमच्या धंद्यात नवरा टीव्हीवर ‘मी कुठेही जाणार नाही’ म्हणाला की बायकोनं दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन रिकामी खोकी मागायची असतात. केळ्यांची खोकी सगळ्यात चांगली. मजबूत असतात आणि धरायला भोकंही असतात. इतक्या गावांत मी ती मागितली आहेत की आता दुकानदार माझं तोंड बघूनच मागच्या खोलीत जातो.

माझा नवरा हार्लन टिबेट्स, कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाचा कोच. समोरच्यांनी गुण केले की दोष त्याचा, नाही करू दिले की हुशारी मुख्य कोचची. बचाव फसला तर त्याला हाकलतात. बचाव जमला तर दुसरं कुठलंतरी विद्यापीठ त्याला उचलून नेतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे आमचा सोफा ट्रकमध्ये. लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं, पोरगा मास्तरासारखं काहीतरी करतो, एका जागी राहील. बोंबला.

आमची रेलिन टेक्सासात जन्मली, तिचे दात पडले आर्कान्सात, कांजिण्या आल्या ओक्लाहोमात. मिसिसिपीतल्या ओकोमा गावात आलो तेव्हा ती अकरावीत होती. गाडीतून उतरायच्या आधीच तिनं मला सांगितलं, “मम्मी, मला बारावी इथूनच करायचीय. मे महिन्यात स्टेजवर माझं नाव पुकारतील तेव्हा मागे बसलेल्यांतल्या कोणीतरी मला ओळखलं पाहिजे. बाकी मला काही नको.”

मी शब्द देऊन बसले. बचावाच्या कोचच्या बायकोनं असला शब्द द्यायचा म्हणजे पावसाच्या वतीनं शब्द देण्यासारखं होतं, पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना.

मग काय करणार? मी देवाला धरलं. चर्चमध्ये पास्टर सगळ्या गावाला उभं करून मडकॅट्सच्या, म्हणजे आमच्या टीमच्या, विजयासाठी प्रार्थना म्हणायचे, आणि मी डोळे मिटून म्हणायचे, देवा, आमचा बचाव मधलाच राहू दे. फार वाईट नको, फार चांगलाही नको. थोडं जिंकू दे, थोडं हरू दे, आणि कोणाच्या डोळ्यावर येऊ देऊ नको. देवानं ऐकलं. पहिलं वर्ष तसंच गेलं, आणि रेलिनच्या बारावीचा मोसमही आम्ही असे खेळलो की लोक मैदानात पेंगायचे. मी मनातल्या मनात खूश होते.

घात केला शेवटच्या सामन्यानं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शनिवार, समोर कॅलव्हर्ट स्टेट. कॅलव्हर्टशी आमचं वैर इतकं जुनं की दोन्ही गावांत सोयरीक होत नाही.

आता हे समजून घ्या. मैदानात ऐंशी हजार माणसं कोकलत असताना पोरांना काही ऐकू येत नाही, म्हणून बाहेरून मोठ्या पाट्या दाखवतात. पाट्यांवर चित्रं असतात. डुक्कर म्हणजे मागे सरा, टोस्टर म्हणजे सगळ्यांनी तुटून पडा, असं काहीतरी. अर्थ फक्त आपल्या पोरांना ठाऊक. चित्रं तीच राहतात, अर्थ दरवर्षी बदलतात, शत्रूला कळू नये म्हणून. हार्लनचा सहायक, बर्ल म्हणून एक गडी, दिसायला बैल आणि डोक्यानंही फार लांबचा नाही. त्यानं त्या दिवशी कोठीतून चुकून गेल्या वर्षीच्या पाट्या आणल्या. त्यांच्या कडा लाल होत्या, यंदाच्यांच्या निळ्या.

लाल कड दिसल्यावर जुन्या पोरांना वाटलं, कोचनं मुद्दाम गेल्या वर्षीचे अर्थ काढले. नव्या पोरांना गेल्या वर्षीचं काही माहीतच नव्हतं, ती यंदाचेच अर्थ लावून खेळली. अर्धी टीम मागे पळतेय, अर्धी पुढे तुटून पडतेय. दोन पोरं एकमेकांवरच आदळली. हार्लननं डोक्यावरचा हेडफोन काढून जमिनीवर आपटला. पण कॅलव्हर्टचा जो चेंडू फेकणारा होता, ज्याला पुढच्या वर्षी व्यावसायिक संघ न्यायला बसले होते, त्याला हा बचाव काय आहे हेच कळेना. बिचारा चेंडू हातात घेऊन नुसता बघत उभा राहायचा आणि आमची पोरं येऊन त्याला आडवा करायची. संध्याकाळपर्यंत कॅलव्हर्टचा एकही गुण झाला नाही.

गावानं रात्रभर गाड्यांचे भोंगे वाजवले. मी मागच्या खोलीत जाऊन किती खोकी उरलीत ते मोजलं.

हार्लननं पत्रकारांना खरं काय ते सांगितलं. पाट्या चुकल्या होत्या, म्हणाला, आम्ही नशिबानं वाचलो. सगळे हसले. पेपरात आलं की कोच टिबेट्स आपलं गुपित फोडत नाहीत, आणि विनय तर केवढा. रेडिओवर एक माणूस तासभर ‘टिबेट्सचा दुतोंडी बचाव’ समजावून सांगत होता. त्याला तो हार्लनपेक्षा जास्त कळला होता.

सोमवारी ओकोमाच्या विमानतळावर एक पांढरं विमान उतरलं. विमानतळ कसला, शेतातली एक पट्टी आणि एक शेड. पण आमच्याकडे मोसम संपला की न्हाव्याच्या दुकानात बसलेली माणसं फोनवर विमानं बघत बसतात, कुठल्या विद्यापीठाचं विमान कुठल्या कोचला न्यायला निघालं म्हणून. हे विमान आलं होतं गावातल्या जेन्ट्रींचा बैल विकत घ्यायला. बैल बघून ते गेलं. जेन्ट्रींनी न्हाव्याच्या दुकानात जाऊन घसा कोरडा करून सांगितलं की ते माझ्या बैलासाठी आलं होतं. लोक म्हणाले, बघा, जेन्ट्रीलाही गप्प केलंय.

मग पत्रकारांनी हार्लनला गाठलं, आणि त्यानं ते वाक्य उच्चारलं. “मी कुठेही जाणार नाही. माझी मुलगी मे महिन्यात शाळा संपवणार आहे. तोवर आम्ही इथेच.”

आता यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. आदल्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं होतं, आणि माझ्या हट्टामुळे नाही, तो स्वतःहून म्हणाला होता. पण आमच्या धंद्यात हे वाक्य आजवर कोणी खरं म्हणून बोललेलंच नाही. न्हाव्याच्या दुकानात लोकांनी माना डोलावल्या. पोरीचं नाव मध्ये घेतलं म्हणजे गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवसापासून घरी निरोपाचं जेवण यायला लागलं. भट्टीत भाजलेले चिकनचे कॅसरोल, शेंगा, हॅम. शेजारच्या मिस ओडेसा केळ्याचं पुडिंग घेऊन आल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी म्हटलं, अहो, आम्ही जात नाही आहोत. त्या म्हणाल्या, “हो गं बाई, तुला तसं बोलावंच लागतं.” डोळे पुसले आणि जाताना सांगून गेल्या की जायच्या आधी भांडं तेवढं परत दे.

हार्लन ऑफिसात गेला तर त्याच्या खुर्चीत एक तरुण माणूस बसलेला. मुख्य कोच होता बुफर्ड लँगली, हार्लनचा बारा गावांचं पाणी एकत्र प्यालेला दोस्त. त्यानं घाईघाईनं नवा बचावाचा कोच नेमला होता, बाकीचे विद्यापीठवाले त्या तरुणाला पळवायच्या आत. हार्लन म्हणाला, “बुफर्ड, मी जात नाहीये.”

बुफर्डनं त्याला मिठी मारली. “असंच म्हणत राहा, भावा. सही होईपर्यंत तोंडातून दुसरं काही काढू नकोस.”

“माझ्याकडे दुसरी नोकरीच नाही.”

“वा. मलासुद्धा सांगत नाहीस. हाच तुझा मोठेपणा.”

आणि खरंच बोलावणार होतं ते विद्यापीठही होतं बरं का, टेनेसीतलं. त्यांनी ऐकलं की ओकोमानं नवा माणूस घेतला, म्हणजे टिबेट्सला तिसऱ्याच कोणीतरी उचललंय, म्हणून त्यांनीही दुसरा घेतला. तिसरा कोणी नव्हताच. अख्ख्या देशात सगळ्यांना वाटत होतं की माझा नवरा कुठेतरी गेला, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात बसून लोकांनी आणलेलं हॅम खात होता. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या निरोपाचा केक कापला. तो भाषणात म्हणाला, आम्ही जात नाही. टाळ्यांनी छप्पर उडालं.

हे सगळं मी हसून काढलं असतं. नोकऱ्या काय, जातात नि येतात. पण रेलिन.

तिला त्यानं जेवणाच्या टेबलावर सांगितलं की आपण इथेच राहतोय. तिनं काटा खाली ठेवला.

“लबकला राहत होतो तेव्हाही असंच म्हणाला होतास, डॅडी. तेव्हा ट्रक अंगणात उभा होता.”

“या वेळी खरंच सांगतोय.”

“मी ट्यूबा परत केलाय बँडच्या सरांना. मे महिन्यात स्टेजवर घालायच्या गाउनसाठी नाव दिलं नाही. उगीच कशाला.”

“अगं, माझी नोकरी गेली. आता मी जाणार कुठे?”

“ते तुलाच माहीत,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. तिनं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. हार्लन तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. ऐंशी हजार माणसांनी शिव्या घातल्या तरी हा माणूस शेंगदाणे खात असतो. त्या दिवशी त्यानं ताट बाजूला सारलं. माझाही जीव तुटला, पण त्याच्यासाठी की तिच्यासाठी, ते माझं मलाच कळलं नाही.

दोन दिवस गेले. मग एका सकाळी दाढी करून बाहेर पडला आणि संध्याकाळी शाळेच्या बसची किल्ली घेऊन आला. तरुणपणी तो एका खेड्यातल्या शाळेत कोच होता. तिथे कोचनंच पोरांची बस चालवायची पद्धत, त्यामुळे बसचा परवाना त्यानं कायम जपला होता. ओकोमाच्या शाळेला ड्रायव्हर मिळत नव्हते. गावातल्या शाळाखात्याच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, किती दिवस टिकाल? तो म्हणाला, मे महिन्यापर्यंत. एवढ्यासाठी कोणी त्याला केक कापला नाही.

गावाला हे कळल्यावर रेडिओवर पुन्हा तासभर चर्चा. कोणी म्हणे कोचची ही भाव वाढवायची चाल आहे, कोणी म्हणे बसच्या मागच्या सीटवर एखादा दांडगा पोरगा बसतो आणि कोच गुपचूप त्याला हेरतोय. बुफर्डनं फोन करून सांगितलं, “मला तुझा डाव कळला नाही, पण भारी आहे.”

जानेवारीत शाळा उघडली त्या पहिल्या दिवशी मीही बसमध्ये मागे जाऊन बसले. बाईंनी सोबतीला कोणीतरी मोठं माणूस मागितलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा माझ्या नवऱ्यावर विश्वास नव्हता. धुकं होतं. बाईंनी दिलेल्या यादीतल्या घरांशी पोरं चढत होती, ड्रायव्हरकडे बघून एकमेकांना ढोसत होती. आमच्या घराशी बस थांबली. रेलिन वर चढली, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि तिसऱ्या सीटवर खिडकीशी जाऊन बसली.

बस निघाली. पेट्रोल पंप गेला, कापसाचं गोदाम गेलं. चौकात हार्लननं बस हळू केली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि बस उभीच केली. मागून कोणीतरी भोंगा वाजवला.

माझ्या ध्यानात आलं. त्याला रस्ता माहीत नव्हता. कॅलव्हर्टचा पोरगा चेंडू फेकायच्या आधी कुठला पाय हलवतो ते त्याला ठाऊक होतं. सात राज्यांतल्या मैदानांवरचं गवत कसं आहे ते ठाऊक होतं. पण आपली पोरगी दीड वर्ष रोज कुठल्या शाळेत जाते, ती शाळा कुठे आहे, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एक दिवससुद्धा नाही.

बसमधली पोरं डोकी वर काढून बघायला लागली. हार्लन स्टिअरिंग धरून समोर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

रेलिन उठली. पुढे गेली आणि त्याच्या सीटमागचा दांडा धरून उभी राहिली.

“डावीकडे, डॅडी.”

त्यानं बस वळवली.

“आता सरळ. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे. तिथे एक कुत्रा आडवा येतो, सावकाश घे.”

“बरं,” तो म्हणाला.

शाळा येईपर्यंत ती उभीच राहिली. दार उघडलं, पोरं उतरली, ती सगळ्यात शेवटी. पायरीवर थांबून तिनं वळून पाहिलं.

“उद्या मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “नीट ध्यानात ठेव.”