बॅटरी भरल्याचा भ्रम
ट्रक दुसऱ्यांदा जंगलात बंद पडला, तेव्हा टोरा ओंडक्यांनी खच्चून भरलेल्या त्या धुडाला शिव्या घालत बर्फातून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आली. उणे तीस थंडी. दुधाच्या टँकरवाल्याने तिला उत्तर स्वीडनमधल्या लिक्सेले गावापर्यंत सोडलं. यार्डात धाकटा भाऊ इंगेमार वाटच बघत होता.

"झोपली होतीस ना, इंजिन बंद करून नुसता हीटर लावून?"

"जेवत होते. या थंडीत काय काचा उघड्या टाकून जेवू?"

"बॅटऱ्या खातेस तू, टोरा! अगं, अठ्ठावन्न झालीस. आता ऑफिसात बस, फोन घे. ट्रक दुसऱ्या कुणाला तरी देतो."

धंदा वडिलांचा, दोघांच्या निम्म्या-निम्म्या हिश्श्याचा. पण इंगेमार बोलायचा ते मालकासारखं. टोराने किल्ली खिशात टाकली आणि वरून चेन ओढली.

"बॅटऱ्या का उतरतात ते मला कळू दे. तोवर किल्ली माझ्याकडे."

नव्या बॅटऱ्या बसल्या. टोराने डॅशबोर्डावर व्होल्ट दाखवणारा एक छोटा मीटर लावला. उतारावर अठ्ठावीस दिसायचे आणि सपाट रस्ता लागला की आकडा घसरून पंचवीसवर यायचा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला, दुसरं काय! तिने ट्रक थेट रेयोच्या गॅरेजात नेला. रेयो मूळचा फिनलंडचा, शब्द मोजून वापरणारा. त्याने अल्टरनेटर तपासला आणि मान हलवली.

"ठणठणीत आहे."

"मग पंचवीस का?"

"ट्रकचा कॉम्प्युटर त्याला हात आखडता घ्यायला सांगतो." त्याने कॉफी ओतली. "जुन्या ट्रकमध्ये इंजिन चालू की चार्जिंग चालू. आता बॅटरीच्या मायनस टोकावर सेन्सर असतो. किती आलं, किती गेलं, तो मोजतो. पोट भरलंय असं वाटलं की अल्टरनेटर सैल सोडतात, डिझेल वाचतं. उतारावर तू पाय काढलास की मग फुकटात भरून घेतात. सपाटीवर पंचवीस दिसले म्हणून बोंबलू नकोस."

टोराला ते मुळीच रुचलं नाही. म्हणजे आपली चूक, आणि इंगेमार खरा? तिने मुद्दाम आठवडाभर मीटरवर डोळा ठेवला. रेयोचं खरं होतं. उतारावर आकडा उसळायचा, सपाटीवर निवायचा. हळूहळू वळण दिसताच पुढचा आकडा ती आधीच ओळखू लागली, आणि चिडली होती तरी त्यात तिला मजा यायला लागली.

एक गोष्ट मात्र बसेना. तासभर इंजिन बंद ठेवून हीटर चालवला की बॅटरी भुकेली व्हायला हवी. मग सपाटीवरही ट्रकने अठ्ठावीस धरून ठेवायला नको का? पण नाही! उपाशी पोटी ढेकर देत तो पंचवीसवरच बसायचा.

ती पुन्हा रेयोकडे गेली.

"म्हणजे त्याला भूक कळत नाहीये," रेयो म्हणाला. "नवा सेन्सर मागवतो."

"थांब. वस्तू बदलून बदलून कंटाळले मी. आधी बघू दे."

तिने बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. बाकी सगळ्या काळ्या वायरी सेन्सरमधून होऊन मायनस टोकाला येत होत्या. एकच वायर सेन्सरला वळसा घालून थेट मायनस टोकावर कसलेली होती. टोराने ती हाताने चाचपत नेली. ती केबिनच्या हीटरला आणि टपावरच्या दिव्यांना जात होती.

"हीटर जे पितो ते सेन्सरला दिसतच नाही," रेयो वाकून म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे मला दिसायला हवं होतं. कुणी केलं हे?"

शरद ऋतूत मोठा हीटर आणि दिवे कुणी हौसेने स्वतः बसवले होते, ते टोराला पक्कं ठाऊक होतं.

इंगेमार पेट्रोल पंपाच्या कॅफेत चार ड्रायव्हरांबरोबर बसला होता. टोरा टेबलाशीच उभी राहिली.

"माझ्या झोपेच्या गोष्टी यांना सांगितल्यास ना? आता तुझ्या वायरीची सांग."

तिने सगळं ऐकवलं. इंगेमारचे कान लाल झाले.

"काळी वायर मायनसलाच लावतात! बाबा जन्मभर तेच करायचे."

"बाबांच्या ट्रकला सेन्सर होता का रे?"

एक ड्रायव्हर फिसकन हसला. इंगेमार उठला. "वायर हलव. मग बोलू."

तिने ती ट्रकच्या सांगाड्यावरच्या अर्थिंगला जोडली, म्हणजे हीटरचा करंटही आता सेन्सरमधूनच जाणार. सेन्सरला नीट अंदाज यावा म्हणून रेयोने ट्रक रात्रभर उभा ठेवायला सांगितला. दुसऱ्या दुपारी टोराने भावाला शेजारच्या सीटवर बसवलं, जंगलात इंजिन बंद केलं आणि हीटर पूर्ण सोडला. दोघं सॉसेज खात बसले. तासाभराने तिने सेल्फ मारला. इंजिन लगेच धडधडलं. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर मीटर अठ्ठावीसवर गेला आणि तिथेच ठाण मांडून राहिला. इंगेमार गाव येईपर्यंत त्याच्याकडे बघत होता.

"बरं," शेवटी तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "माझं चुकलं. चालव तू. पण या हिवाळ्यापुरतंच."

"मला कंटाळा येईपर्यंत," टोरा म्हणाली. "आणि फोन तू घे. आवाज चांगला आहे तुझा."

त्या सोमवारपासून इंगेमार ऑफिसात बसायला लागला.