जाळी आणि पापड

सत्यवतीने गोफण डोक्याभोवती गरगरा फिरवली आणि सोडली. सुपारीएवढं वाळलं ढेकूळ सणसणत गेलं, जाळीवर आदळलं, अन् जाळीमागचा उडदाचा पापड ताडकन फुटला.

"सातवा!" हर्षाने कपाळावर हात मारला. "आई, जरा हळू मार ना वो!"

"हळू मारलं तं तुयं यान काय शिकन?"

वलगावात लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरं हाकलणारा हात होता तो. नेम चुकत नव्हता. चुकत होती हर्षाची चौकट. परवा अकोल्याला विभागीय विज्ञान प्रदर्शन होतं, दोन रात्रींचा मुक्काम होता, आणि परवानगीच्या कागदावर आजोबांची, म्हणजे आबांची, सही अजून व्हायची होती.

वर अवकाशात रंगाचा एवढासा टवकासुद्धा बंदुकीच्या गोळीच्या दहापट वेगाने सुटलेला असतो, हे वाचल्यापासून हर्षाचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याला अडवायला जाड भिंत नसते, हे तर आणखी नवल! यानाबाहेर एक पातळ पत्रा असतो. कण त्याला भोक पाडतो खरा, पण स्वतःच फुटून त्याचा भुगा होतो आणि खऱ्या भिंतीपर्यंत तेवढा भुगाच पोचतो. तिच्या चौकटीत पत्र्याच्या जागी रेती चाळायची जाळी होती आणि भिंतीच्या जागी चिमट्यांनी धरलेला पापड. चौकटीचं खोकं एसटीत मांडीवर मावावं म्हणून तिने दोन्ही अगदी चिकटवून बसवले होते.

सत्यवतीने वाकून पाहिलं. "जाळी अशी खेटून काहून ठेवली? ढेकूळ फुटलं तरी पसराले जागा नको?"

हर्षाने जाळी वीतभर पुढे सरकवली.

गोफण फिरली. ढेकूळ जाळीवर फुटलं, मातीचा पंखा उघडावा तसं पसरलं आणि पापडावर नुसतं खुळखुळलं. पापड थरथरला. राहिला.

"आई! पाह्य ना!" हर्षा नाचायलाच लागली. आत्ता, या क्षणी, आभाळात कुणीतरी असंच पातळ पडद्यामागे बसून चहा पीत असेल!

तेवढ्यात फाटक वाजलं. आबा, म्हणजे सत्यवतीचे सासरे पंजाबराव, बाजारातून आले होते. सत्यवती गोफण हातात घेऊनच पुढे गेली.

"अकोल्याले? दोन रात्री?" आबांचा आवाज अंगणभर घुमला. "पोरीच्या जातीले मोकाट सोडून राहिली? तुह्या माहेरी चालत असन असं!"

मग बराच वेळ आईचा हळू, सपाट आवाज. "मामाजी, मॅडम आहेत संगं." मग पुन्हा आबा. पुन्हा आई.

आबा चौकटीजवळ आले तेव्हा त्यांनी खाटेवरचा कागद उचलून सही केली. "थंडी असन, शेटर घेऊन जाजो," ते पुटपुटले, "अन् पापड कशाले नासवून राहिली?" आत निघून गेले.

एवढंच. नेहमीसारखं. आबा बाहेर कितीही गरजले तरी आपल्याला कधी रागावत नाहीत, असं हर्षा मैत्रिणींना अभिमानाने सांगत आली होती.

तिने जाळीवरून बोट फिरवलं. मधल्या तारा आत वाकल्या होत्या. फाटकाशी आई पाठमोरी उभी राहून गोफणीची दोरी बोटांवर गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

हर्षा तिच्यापाशी गेली.

"आई, तुले लागलं का वो?"

"मले काय लागते?" सत्यवतीने पदराने तोंड पुसलं. "ढेकूळ तं मीच मारून राहिली होती."