सवतीचा टाक

अख्ख्या गावाची घाण माझ्या जाळीवर येते. लोक विचारतात, उज्वला, तुला किळस येत न्हाई का? अरे, घाण तुमची, किळस मला कशाला? तोंडाला ओढणी बांधायची, खोऱ्यानं जाळी ओढायची, वाळूच्या टाकीतला गाळ उपसायचा. पुढं पाणी साफ करायला मशिनी हायत.

या सांडपाण्याच्या प्लांटवर मी हौसेनं आले न्हाई. माझी थोरली बहीण दीपमाला याच गावात दिलेली. एके दिवशी सासरचे म्हणाले, ती कुणाचा तरी हात धरून पळाली. पोलिसांतही तेच लिहून दिलं, अन् नवऱ्याचं दुसरं लग्न उरकून मोकळे झाले. आमची आई गुणाबाई अर्धापूरची केळीची बाग बटईनं देऊन मला घेऊन इथंच खोली करून राहिली. दीपी आली तर याच गावात येईल, असं तिचं म्हणणं. रोज तिच्या नावाची भाकर ताटात झाकून ठेवते. मला त्या ताटाचा लई राग येतो, अन् उचलायची हिंमतही होत न्हाई.

परवा गाळात चांदीचा टाक सापडला. काळ्या दोऱ्यात ओवलेला, नखाएवढा, वर बाईचा चेहरा ठोकलेला, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. धुऊन खिडकीत पालथा ठेवला. चहा घेऊन आले तर उताणा. वारा तर नव्हता. म्हणलं, बाई गं, तू कुणाची हायस?

दुपारी एक नवी नवरी धापा टाकत आली. शिवानी नाव सांगितलं. आंघोळ करताना गळ्यातला टाक मोरीत गेला, सासूला कळायच्या आत शोधून द्या, म्हणून पदर पसरून राहिली. कुणाची सून विचारलं, तर घर दीपीचंच निघालं. तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं, अन् ओढणी मी काढली न्हाई. खिडकीतला टाक दाखवून हा कुणाचा, तेवढं विचारलं.

"सवतीचा," ती म्हणाली. "पहिलीचा."

दुसरी बायको गळ्यात टाक घालते तो मेलेल्या सवतीचा, तिनं छळू नये म्हणून. जित्या बाईचा टाक कोण करतं? जगाला सांगायचं पळाली, अन् सोनाराकडं तिचा टाक घडवायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. आवाज न चढवता मी विचारलं, सासूला एवढं भ्यायचं काय कारण?

शिवानीनं इकडंतिकडं पाहिलं. "दर अमावास्येला या टाकाला दहीभात दाखवते. म्हणते, दीपमाला, विहिरीतच राहा, वर येऊ नको."

तिला मी त्या घरी परत जाऊ दिलं न्हाई. हाताला धरून आमच्या खोलीवर आणलं, आईसमोर टाक ठेवला अन् सगळं सांगितलं. आई रडली न्हाई. टाक तळव्यावर घेऊन त्या दोन टिंबांवरून बोट फिरवत बसली. मलाच राहवेना. म्हणलं, देवघरात ठेवू का?

"न्हाई," आई म्हणाली. "आधी तिला वर काढ."

मग तिनं झाकलेलं ताट उघडलं, ती भाकर शिवानीपुढं ठेवली, अन् चपला घालून माझ्याआधी पोलीस ठाण्याच्या वाटेला लागली.