खांद्यावरचा हात

धनीरामने मोबाइल भिंतीसमोर धरला आणि स्क्रीनवर दोनदा बोट टेकवलं. समोर काय आहे ते सांगणारं ॲप थोडा वेळ गप्प राहिलं, मग बोललं, "भिंतीवर फोटोची चौकट. वयस्कर महिला, हिरवी साडी. चौकटीला हार. महिलेच्या खांद्यावर पुरुषाचा हात आहे."

त्याने पुन्हा फोटो काढला. पुन्हा पुरुषाचा हात.

फोटो रुखमाचा होता. तिची तेरवी होऊन महिना झाला होता. रोज सकाळी तो चाचपत त्याच चौकटीखाली उदबत्ती लावायचा.

"शालू," त्याने सुनेला हाक मारली. "तुह्या सासूच्या फोटोत कोन कोन हाये?"

"आत्याबाई एकट्याच हायेत, मामाजी."

"एकटीच?"

"हो नं." भांड्यांचा आवाज थांबला. "काहून?"

"काई नाई."

तो खाटेवर बसला. जन्मापासून आंधळ्या माणसाला लोक सोयीचं तेवढंच सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. मोबाइलला खोटं बोलून काय मिळणार? मोहाडीच्या बाजाराला रुखमा एकटीच जायची. कधी कधी उशिरा यायची. गर्दी होती म्हणायची. त्याने कधी खोदून विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती.

उठून त्याने हार बाजूला केला, काचेवरून बोटं फिरवली. काच नुसती गार होती.

तिसऱ्यांदा मोबाइल बोलला तेव्हा शालूच्या बांगड्या दारातच वाजल्या.

"हा डब्बा सारंच सांगते का?"

"सांगते. तूच नाई सांगत. कोनाचा हात हाये तो?"

"तुमचाच, मामाजी. माह्या बहिनीच्या, अंजूच्या लग्नात तुमी आत्याबाईचा खांदा धरून मंडपात आले, तवा आमच्या यायनं, तुमच्या पोरानं, मोबाइलवर काढला. तुमाले कुठं समजलं!"

"मंग मी कुठी गेलो?"

"कापलं." तिचा आवाज खाली गेला. "जित्या मानसाच्या फोटोले हार घालत नाईत. हात तेवढा निघत नव्हता."

धनीराम परत खाटेवर बसला. मांडीवर उघडा पडलेला उजवा हात त्याने हळूच मिटला.

"अन् माहा तुकडा? फेकला?"

"नाई. आलमारीत हाये."

"जपून ठेवजो. बाजूले जागा हाये नं?"

त्याने स्वतःच उठून चौकटीशेजारची भिंत चाचपली. जागा होती.