ताठ उभं राहायचं

तपासनीस बाई दहाला येणार होत्या, आणि अमनोनने आठवडाभर आईची तयारी करून घेतली होती. तयारी एवढीच, की आईने जशी आहे तशी दिसावं. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईला ते फार जड जाऊ नये, असा त्याचा अंदाज होता.

"उठून दाखवा म्हणाल्या तर?" त्याने पुन्हा विचारलं.

"उठवत नाही म्हणायचं," अरांकाबाई म्हणाल्या.

"आणि आंघोळ?"

"ल्युबा घालते. ती नसली की मी वास मारते. कळलं रे. म्हातारी झालेय, मठ्ठ नाही झाले."

इस्रायलमधल्या हाइफा शहरात, उतारावरच्या त्या दोन खोल्यांत मायलेक दोघंच राहत. ल्युबा आठवड्यातून तीन सकाळी यायची; ती रोज, दिवसभर हवी होती. नाझींच्या छळछावणीतून जगून आलेल्यांना सरकारकडून मदतनीस मिळते, पण किती तास, ते तपासणीत ठरतं. माणूस जितका खचलेला तितके तास जास्त, असा सरळ हिशेब. तास वाढले नाहीत तर आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागणार होतं, कारण अमनोनला स्वतःलाच एक्काहत्तरावं लागलं होतं आणि त्याचा डावा खुबा झिजला होता. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की आई विचारायची, "एका खोलीत बिछाने किती?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच भिंतीकडे तोंड करायची.

बेल वाजली. अमनोन दार उघडून बाईंना घेऊन आत आला, तर आई खुर्चीत नव्हती. खोलीच्या मधोमध उभी होती. निळा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, पाठ ताठ. तिचा वॉकर पडद्यामागे ढकललेला होता. गाल लालभडक झाले होते, आणि ते रंगाने नव्हे, चिमट्यांनी, हे अमनोनला लांबूनही कळलं.

"आजी, बसा ना," शुलामित बाई म्हणाल्या.

"मला उभंच बरं वाटतं. आणि आजी कुणाला म्हणतेस? तूच पन्नाशीला टेकलेली दिसतेस."

शुलामित हसल्या. हात वर करायला सांगितले, तर अरांकाबाईंनी दोन्ही हात डोक्यावर नेले. चालायला सांगितलं, तर खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. टेबलावर अमनोनने आदल्या दिवशी बेकरीतून आणलेला खसखशीचा रोल होता. आईने त्याचा जाड काप पाहुणीपुढे केला.

"हा मीच केलाय. कणीक नीट मळली की बिघडत नाही."

"बाई, ती खोटं बोलतेय," अमनोन म्हणाला.

"मुलं तास वाढवायला काय काय सांगतात, ते आम्ही रोज ऐकतो," शुलामित म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा काप घेतला. बाई वाईट नव्हत्या. डोळ्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं.

निकाल आला. ल्युबा तीनऐवजी दोनच सकाळी येणार होती. अमनोनने कपाळाला हात लावला.

"काय मिळवलंस?" तो आईवर ओरडला. "ती बाई तुला द्यायला आली होती! नाटक कसलं केलंस?"

ज्या आवाजात आई बाजारातल्या कोबीचा भाव सांगायची, त्याच आवाजात बोलली.

"छावणीत, कामाला कोण चालेल ते निवडायच्या रांगेत, इर्मा माझ्यामागे होती. तिला ताप होता. मी म्हटलं, गाल चिमट, ताठ उभी राहा. ती म्हणाली, कशाला? आजारी दिसले तर दवाखान्यात नेतील. तिलाही तुझ्यासारखंच वाटायचं, खरं सांगितलं की मदत मिळते."

अमनोनला शाळेचे दिवस आठवले. रोज सकाळी दारात आई त्याचे गाल चिमटायची आणि मगच बाहेर सोडायची. अंगात ताप असला तरी तो शाळेत गेला होता. बाकीच्या आया गालाचा मुका घेतात, आपली चिमटा घेते, एवढंच तेव्हा त्याला वाटलं होतं. ओरडल्याची त्याला आता लाज वाटली.

त्याने फेरतपासणी मागितली. ती मिळेपर्यंत महिना गेला, आणि तेवढ्यात खुब्याने त्याच्या हाती काठी दिली. या खेपेला दार उघडंच ठेवलं होतं. शुलामित बाई आत आल्या तेव्हा अमनोन सोफ्यावर होता आणि आई खुर्चीत, विटक्या झग्यात. गाल पांढरे होते.

"उठता येतं का, आजी?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अरांकाबाईंचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले, पाठ सरळ होऊ लागली. अमनोनने श्वास रोखून धरला. मग हात सुटले.

"नाही," ती म्हणाली.

शुलामित यांनी लिहून घेतलं. अमनोनला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी आपण आईला कुणाच्या तरी हवाली केलं, असं वाटलं.

"आणि तुम्ही?" त्या त्याच्याकडे वळल्या. "घरात दुसरं धडधाकट माणूस असलं की तास कापावे लागतात. तुमची तब्येत कशी आहे? यांना उचलता येतं?"

उत्तर त्याने महिनाभर घोकलं होतं. खुब्याचा एक्स-रेही टेबलावर तयार होता. पण आई त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता, शाळेत जाताना घराच्या दारात दिसायचा तो.

"उभा राहा," ती हळूच म्हणाली, घरातल्या हंगेरियनमध्ये.

तो उभा राहिला. काठी सोफ्यावरून घसरली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन पडली.

"ठणठणीत आहे मी," अमनोन म्हणाला. "उचलतो की. रोज उचलतो."

"छान," शुलामित म्हणाल्या. तेही लिहिलं, पिशवी बंद केली, आणि जाताना दार ओढून घेतलं. त्यांची पावलं जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"गेली," आई म्हणाली. "बस आता, बाळा."

त्याला बसता येईना. खुबा आखडला होता. काठी तिच्या खुर्चीमागे पडली होती, आणि ती उचलून द्यायला तिला उठता येत नव्हतं.