शेपटीचं वर्तुळ

माझ्या लेकीला, लीनला उचलताना डावा अंगठा पहिल्यांदा दुखला. तिच्या काखांत हात घालून, दोन्ही अंगठे वर ठेवून मी तिला उचलायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा, कधी नुसतं श्वास चालू आहे ना बघायला. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुंध्याशी सूज आली. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने चेलोला हात लावायचा नाही." मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी तालमीला गेले.

वाद्यवृंदातल्या आमच्या जागा दर जूनमध्ये नव्याने ठरतात. ठरवतात आमचे संचालक, उस्ताद शफीक. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने कोपर दुखतं म्हणून सांगितलं होतं. आता तो तळघरात स्वरलिपींचे गठ्ठे लावतो. भेटला की हात पाठीमागे बांधून बोलतो.

वाद्यवृंदात तिसऱ्या रांगेत निभावून नेता येतं. संगीत विद्यालयात शिकवताना नाही. तिथे वाजवून दाखवावं लागतं. चेलोवर वरच्या स्वरांत जायचं तर डावा अंगठा दांडीमागून काढून तारांवर आडवा दाबावा लागतो. तिथून पुढे सगळा हात त्याच्यावर उभा. स्वरलिपीत त्याची खूण म्हणजे छोटं वर्तुळ, खाली शेपटी. मेरितच्या परीक्षेच्या पानांवर मी पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहून दिले आणि ते वर्तुळ टाळत गेले. लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, दाखवा. जिथे अंगठा हवा तिथे मी पहिल्या बोटाची उडी लिहिली.

"असं वाजवलं की स्वर जास्त गातो," मी तिला म्हणाले.

मेरित माझी सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी. लांबच्या शुब्रा वस्तीतून दोन बस बदलून यायची, पाठीवर चेलो, ड्रायव्हरशी रोजचं भांडण. "म्हणतो, मढं घेऊन चढायचं तर मागच्या दाराने चढ."

मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा झाली. पहिली आली असती तर वाद्यवृंदात उमेदवारीची जागा. उस्ताद शफीक आणि आणखी दोन परीक्षक बसले होते. ती माझी विद्यार्थिनी म्हणून गुण मी द्यायचे नव्हते, पण बोलायचा हक्क मला होता. टेबलाखाली फोन होता; सासूबाई दर दहा मिनिटांनी लीनचा फोटो पाठवत होत्या.

पहिली दोन पानं सुरेख गेली. तिसऱ्यावर चढण आली, तिने उडी मारली आणि स्वर हुकला. पुढची उडीही हुकली. तिसऱ्या वेळी उस्तादांनी हात वर केला, उठून तिची पानं चाळली.

"पोरी, शेपटीचं वर्तुळ एकही नाही इथे. अंगठा घरी विसरलीस?"

बाकीचे दोघे हसले.

"हे आकडे कुणाचे?"

मेरितने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. गज तारेवर टेकवायला लागतो तेवढाच.

"माझेच, उस्ताद."

"स्वतःच्याच शिक्षिकेहून शहाणी! लीनची आई, तुम्हाला काही सांगायचंय?"

फोन थरथरला. मी खाली बघितलं. लीन झोपली होती, मुठी मिटून.

"नाही, उस्ताद."

"मग पुढच्या वर्षी ये. अंगठ्यासकट ये."

जूनच्या यादीत माझं नाव तिसऱ्या रांगेत होतं. उमेदवाराची जागा रिकामी सोडली होती.

त्यानंतर चार दिवसांनी मेरित चेलो घेऊन माझ्या घरी आली. तिने पानं समोर मांडली. माझा एकूण एक आकडा खोडलेला. कागद जागोजागी विरलेला.

"आता बरोबर लिहून द्या, मादाम. आणि वाजवून दाखवा."

मी तिचा चेलो गुडघ्यांत घेतला. अंगठा तारांवर ठेवला, दाबला. स्वर नाही आला, खरखर आली. पुन्हा दाबला आणि हात आपसूक सुटला. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. मनगटाकडे बघत होती.

"रमजानपासून माहीत होतं मला," ती म्हणाली. "दार कोपराने उघडता. चहाचा पेला उजव्याच हाताने घ्यायला गज आधी काखेत धरता."

"मग तेच आकडे का वाजवलेस?"

"वाटलं, तिथे तुम्ही बोलाल."

"बोलले असते तर..."

"तळघर. माहीत आहे."

आतून लीन रडायला लागली. मी चेलो बाजूला करेपर्यंत मेरित आत पोचली होती. दारातून मला दिसलं: तिने वाकून लीनच्या काखांत हात घातले, दोन्ही अंगठे वर.

"असं नको!" मी ओरडलेच. "खालून हात घाल. खालून."

तिने वळून बघितलं नाही. हात खाली सरकवले.